जुनी लोखंडी सायकल नवी करताना: रंगाआधी नळीच्या आत

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी माळ्यावर पडलेली वडिलांची काळी सायकल मी काही वर्षांपूर्वी खाली उतरवली, पॉलिश पेपरने घासली, खड्डे दिसले तिथे लांबी भरली आणि गडद हिरव्या रंगात रंगवून घेतली. फेब्रुवारीत ती फार देखणी दिसत होती. ऑगस्टमध्ये सीटखालच्या उभ्या नळीच्या तळाशी रंगाला फोड आले. एका फोडावर सहज नखाने दाबले, तर नख सरळ आत गेले आणि तपकिरी पाणी ओघळले. बाजारपेठेत सायकल दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध काकांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. सीट काढून त्यांनी नळीत बॅटरी मारली आणि म्हणाले, “आदी भितूर बघूक होया होता, रंगाचा मगे.”

आधी आत पाहायला हवे होते, रंगाचे नंतर: काम कोणत्या क्रमाने करावे, हे त्या एका वाक्यात आले. जुनी पोलादी फ्रेम पुन्हा चालती करणे आणि तिला आजचे ब्रेक, गिअर व चाके बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात गंजाशी गाठ असते, दुसऱ्यात मापांशी. समुद्राकाठी पहिले काम नीट झाले नसेल, तर दुसऱ्यावर केलेला खर्च वाया जातो.

सुरुवातीला फ्रेम कशी जोडलेली असते ते पाहू. जुन्या सायकलीच्या नळ्या एकमेकींना थेट वेल्ड केलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यावर पोलादाचा एक पोकळ जोडतुकडा असतो, ज्याला लग म्हणतात. नळ्यांची टोके त्या लगमध्ये सरकवून सांधा लालबुंद होईपर्यंत तापवतात आणि त्यात वितळलेले पितळ सोडतात. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, तर पोलाद वितळायला १,५०० अंशांच्या आसपास तापमान लागते. त्यामुळे नळी घट्टच राहते आणि पातळ झालेले पितळ, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, नळी आणि लग यांच्यामधल्या बारीक फटीत आपोआप ओढले जाते. यालाच ब्रेझिंग म्हणतात. हे करताना नळीतली हवा तापून फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते, म्हणून लगच्या आत आणि मागच्या बारीक नळ्यांना छोटी भोके ठेवलेली असतात. कारखान्यात हवेसाठी ठेवलेल्या याच भोकांतून पुढे पन्नास वर्षे पावसाचे पाणी आत जात राहते.

आता पोलादाविषयी. जुनी फ्रेम म्हटली की हौशी माणसाच्या डोळ्यांसमोर रेनॉल्ड्स ५३१ ही नळी येते. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेले हे इंग्लिश पोलाद १९३५ मध्ये बाजारात आले आणि पुढची कित्येक दशके शर्यतीच्या सायकलींत वापरले गेले. आपल्याकडच्या माळ्यावर ते सापडण्याची शक्यता मात्र फारच कमी आहे. मद्रासच्या टी.आय. सायकल्सची १९४९ पासूनची हर्क्युलस, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलास, लुधियानाची हीरो या सायकली साध्या पोलादाच्या जाड नळ्यांच्या आणि वीस किलोच्या आसपास वजनाच्या असत. दुधाचे कॅन, भाताचे पोते आणि पुढे दांड्यावर एक मूल, एवढे ओझे वाहण्यासाठीच त्या बनवलेल्या होत्या.

नळी जाड की पातळ, हे ओळखायला फ्रेम कापावी लागत नाही. उभ्या नळीचा बाहेरचा व्यास बहुतेक वेळा २८.६ मि.मी. असतो. तिच्यात बसणाऱ्या सीटपाइपचा व्यास व्हर्नियरने मोजावा. तो २५.४ मि.मी. भरला, तर नळीची भिंत दोन्ही बाजूंना सुमारे १.६ मि.मी. जाड आहे, म्हणजे ही कामकरी सायकल आहे. सीटपाइप २७.२ मि.मी. असेल, तर भिंत जेमतेम ०.७ मि.मी. उरते. एवढी पातळ भिंत भारी, मजबूत मिश्रपोलादालाच परवडते. इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. भारी पोलाद अधिक कडक नसते. जोर दिल्यावर तात्पुरते लवण्याला होणारा विरोध साध्या आणि भारी पोलादात जवळपास सारखाच असतो. भारी पोलाद तुटायला किंवा कायमचे वाकायला जास्त जोर लागतो, एवढाच फरक, आणि म्हणूनच त्याची नळी पातळ व हलकी करता येते. कोकणापुरते बोलायचे तर जाड नळीची सामान्य फ्रेम मला जास्त भरवशाची वाटते, कारण गंजाला खायला तिथे अंगावर मांस तरी असते.

गंज सगळीकडे लागतो, पण समुद्राकाठचा गंज वेगळा का, याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठही हवेतले पाणी ओढून पाघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावा धरते. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने नळीवर बसलेला मिठाचा पातळ थर कोकणात जवळजवळ वर्षभर ओला असतो, मग सायकल पडवीत कोरड्या जागी उभी असली तरीही. त्यातला क्लोराइड पोलादावर संरक्षक थर टिकू देत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो आणि त्या फटीत आणखी खारे पाणी शिरते.

याहून कमी माहीत असलेली एक गोष्ट आहे. पोलादाची ख्याती अशी की एका मर्यादेखालचा ताण त्याला लाखो वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, ते हळूहळू थकतच जाते. मात्र पोलादाची ही मर्यादा कोरड्या हवेतली आहे. खाऱ्या पाण्यात भिजत असलेल्या पोलादाला ती उरत नाही, कारण गंजाने पडलेल्या प्रत्येक खळग्यातून बारीक तडा सुरू होऊ शकतो. “पोलाद आहे, आयुष्यभर जाईल” हे वाक्य पुण्यात जितके खरे आहे, तितके वेंगुर्ल्यात नाही.

म्हणून फ्रेम घरातली असो वा भंगारातून आणलेली, तिचे सगळे सुटे भाग उतरवून आधी तपासणी करावी. सीटपाइप काढून उभ्या नळीत मोबाइलचा उजेड टाकावा. फ्रेम उलटी करून हलवावी, आतून गंजाचे पापुद्रे किती पडतात ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पाहावे. एखाद-दुसरा चमचा भुगा निघाला तर घाबरण्याचे कारण नाही, पण पत्र्यासारखे जाड पापुद्रे निघाले तर नळी पातळ झाली आहे असे समजावे. मग टोच्या घेऊन तीन ठिकाणी जोर देऊन दाबावे: उभ्या नळीचा तळ, पायडलचा एक्सल ज्या आडव्या कवचात फिरतो त्या बी.बी. शेलची खालची बाजू, आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांची टोके. पाणी गुरुत्वाकर्षणाने याच तीन ठिकाणी साचते. टोच्या रुतला की विषय संपला. याखेरीज हँडलखालच्या तिरक्या नळीवर, लगच्या लगेच मागे, बोट फिरवून पाहावे. तिथे हलकीशी लाट किंवा सुरकुती लागली, तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. लांबी भरलेली जागा लोहचुंबकाने सापडते, कारण तिथे चुंबक नीट धरत नाही.

फ्रेम या परीक्षेत उतरली की गंज काढायचा. संडास साफ करायचे ॲसिड ओतण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते गंज खाते खरे, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि मागे क्लोराइडच ठेवून जाते, म्हणजे ज्याच्याशी भांडण तेच घरात घेण्यासारखे आहे. त्यापेक्षा ऑक्झॅलिक ॲसिडचे पाण्यातले सौम्य द्रावण बरे. ते गंज विरघळवते आणि चांगल्या लोखंडाला फारसे लागत नाही. ते विषारी आहे, म्हणून रबरी हातमोजे घालावेत, मोकळ्या हवेत काम करावे आणि घमेले गुरांच्या व मुलांच्या वाटेत ठेवू नये. नळ्यांच्या आतही हे द्रावण भरून ठेवता येते. बी.बी. शेलची तोंडे आणि दिसतील ती भोके रबरी बुचांनी बंद करून फ्रेम एक रात्र उभी ठेवावी आणि सकाळी भरपूर गोड्या पाण्याने आत-बाहेर धुवावी. धुण्याला कंटाळू नये, कारण मीठ पाण्यानेच जाते, घासण्याने जात नाही. मग फ्रेम मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस वाळवावी.

त्यानंतर नळ्यांना आतून जवसाचे, म्हणजेच अळशीचे, उकळलेले तेल द्यावे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. सुतार ते याच कारणासाठी लाकडाला लावतात. घरात खोबरेल मुबलक असले तरी ते इथे उपयोगाचे नाही, कारण खोबरेल वाळत नाही, ओघळून तळाशी जमते. प्रत्येक भोकातून थोडे थोडे तेल ओतून फ्रेम सर्व बाजूंना फिरवावी, जास्तीचे तेल निथळू द्यावे आणि चार-पाच दिवस टांगून ठेवावी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. बी.बी. शेलच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निथळायला भोक नसेल, तर चार-पाच मि.मी.चे एक भोक पाडून घ्यावे. फ्रेमला ड्रिल लावायची परवानगी मी एवढ्या एकाच जागी देतो.

लगचा सांधा सुटला असेल किंवा मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती खाच तुटली असेल, तर ब्रेझिंग जाणणारा कारागीर ते दुरुस्त करू शकतो. खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्या दुकानात मात्र फ्रेम नेऊ नये. तिथल्या विजेच्या वेल्डिंगची उष्णता पातळ नळीला भोक पाडते, आणि ज्या सांध्यात आधीच पितळ आहे तिथे वितळलेले पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरून तडे पाडते. वरून टाका भक्कम दिसतो आणि तो उतारावर दगा देतो.

आता आधुनिकीकरण. जुन्या काळ्या सायकलीवर काय बदलावे, तर पहिल्यांदा ब्रेक. सळ्यांचा ब्रेक दिसायला सुरेख असतो, पण त्याची रबरे चाकाच्या चकचकीत पोलादी रिंगवर घासतात आणि त्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा थर आला की पकड जवळजवळ नाहीशी होते. सावंतवाडीकडून वेंगुर्ल्याला उतरताना जुलैमध्ये हा अनुभव ज्याने घेतला, त्याला वेगळे सांगायला नको. ॲल्युमिनियमच्या रिंगवर ओल्यातही पकड पुष्कळ चांगली मिळते.

पण रिंग बदलायची तर माप बदलते. जुन्या ‘२८ × १½’ चाकाच्या रिंगचा टायर बसतो तो व्यास ६३५ मि.मी. असतो, तर आज सर्वत्र मिळणाऱ्या ७०० सी चाकाचा ६२२ मि.मी. व्यासात फरक १३ मि.मी.चा, म्हणजे रिंगची कड साडेसहा मि.मी. आत सरकते. चाळीस मि.मी. रुंदीचा टायर घातला तर सायकल साधारण तेवढीच खाली येते आणि ते चालवताना जाणवतही नाही. अडचण ब्रेकची होते. पुढचे चाक दोन पायांत धरणाऱ्या, सळ्यांच्या ब्रेकसाठी बनवलेल्या चिमट्याला हल्लीचा केबलचा ब्रेक अडकवायचे भोकच बहुधा नसते, आणि असले तरी भोकापासून रिंग इतकी दूर पडते की नेहमीच्या ब्रेकचे हात पोचत नाहीत. अशा वेळी चिमट्याला भोके पाडत बसण्यापेक्षा ड्रम ब्रेक असलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बसवावा. त्याचे लायनर हबच्या पोटात असतात, त्यांना पाऊस, चिखल किंवा रेती लागत नाही, आणि रिंग कोणतीही असली तरी चालते. किनाऱ्यावरच्या सायकलीसाठी याहून योग्य ब्रेक मला माहीत नाही. डिस्क ब्रेक मात्र जुन्या चिमट्यावर लावू नये. डिस्कचा पकड-भाग चिमट्याच्या एकाच पायावर अगदी खालच्या टोकाला ओढ देतो आणि त्या बारीक टोकाची घडण तशा जोरासाठी केलेली नसते. ड्रमची ओढही एका पायावरच येते, पण ड्रमला त्या पायाशी बांधणारी पट्टी लांब असल्याने जोर कमी होतो आणि तो नळीच्या जाड भागावर पडतो.

हब बदलायचा की फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधले अंतर पाहावे लागते. एक गिअरच्या जुन्या सायकलीत ते ११० मि.मी.च्या आसपास असते, पाच गिअरच्या जुन्या शर्यतीच्या सायकलीत १२०, सहा-सात गिअरवाल्यांत १२६, तर त्यानंतरच्या रस्त्यावरच्या सायकलींत १३०. इथे पोलादाचा खरा गुण कामी येतो. पोलादी फ्रेम गरम न करता हातांनी थोडी फाकवता येते आणि ती तशीच राहते. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमशी हा खेळ करू नये. १२६ चे १३० करायला प्रत्येक बाजू दोन मि.मी. सरकवावी लागते आणि ते सुरक्षित आहे. ११० चे १३० करणे मात्र मला पटत नाही. त्यात मागच्या नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलाच्या सांध्यावर फार ताण येतो.

हे काम मी कसे करतो ते सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. एक बारीक सुतळी घ्यावी. तिचे एक टोक मागच्या डाव्या खाचेला बांधावे, सुतळी पुढे नेऊन हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालून परत उजव्या खाचेपर्यंत आणावी आणि ताणून बांधावी. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी असतील तर फ्रेमचा मागचा भाग मधोमध आहे. जुन्या फ्रेममध्ये ती तीन-चार मि.मी.नी वेगळी निघतात, म्हणजे सायकल आधीपासूनच एका बाजूला ओढत होती. मग ज्या बाजूची सुतळी नळीच्या जवळ असेल ती बाजू आधी बाहेर ओढायची. दोन्ही खाचांमध्ये आट्यांची सळई घालून नट फिरवत एकदम फाकवले, तर कमजोर बाजू जास्त जाते आणि भक्कम बाजू जागची हलत नाही. म्हणून फ्रेम भिंतीला टेकवून एकेक बाजू स्वतंत्रपणे हातांनी वाकवावी. पोलाद थोडे मागे परतते, त्यामुळे हवे त्याहून जरा जास्त ओढावे लागते. दर ओढीनंतर सुतळी पुन्हा मोजावी. शेवटी दोन्ही खाचा एकमेकींना समांतर आहेत ना ते पाहावे. त्या तिरक्या राहिल्या तर एक्सल वाकतो आणि पुढे तुटतो.

गिअरचे म्हणाल, तर कोकणातला रस्ता खाडीवर उतरतो आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो. आपल्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात, त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. चढावर हे फार होते. सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे मागे २२ दातांचे फ्रीव्हील लावणे. मग तेच अंतर ४.४ मीटरवर येते आणि फ्रेमला हातही लावावा लागत नाही. त्यापुढची पायरी तीन गिअरच्या हबची. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब १९३६ पासून बनत आला आहे. त्यात खालचा गिअर एक चतुर्थांशाने हलका आणि वरचा एक तृतीयांशाने जड असतो. मागे २२ दातांचे चक्र ठेवले, तर चढाला ३.३ मीटर, सपाटीला ४.४ आणि उताराला सुमारे ५.९ मीटर मिळतात, म्हणजे मूळ सायकलीपेक्षा वरही आणि खालीही. सारी यंत्रणा हबच्या आत बंद असल्याने तिला खारा वारा लागत नाही. असा हब सुमारे ११७ मि.मी. जागा मागतो, म्हणजे प्रत्येक बाजू फार तर साडेतीन मि.मी. फाकवली की तो बसतो.

पायडलच्या एक्सलकडे वळताना आट्यांची खात्री करावी. ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी कित्येक शेल बिघडवले आहेत. तिथे इंचाला २४ आटे असतील, तर आजचा बंद बेअरिंगचा सेट बसतो आणि पायडलचा दांडा एक्सलला अडकवणाऱ्या कॉटर पिनची कटकट संपते. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेला मात्र इंचाला २६ आटे असतात. तिच्यात नवीन सेट जबरदस्तीने घुसवू नये. मूळ कप, नवे छर्रे आणि ताजे ग्रीस यांवर ती आणखी एक पिढी फिरेल.

नवीन भाग बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, आणि दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी पूड फुगते आणि सीटपाइप नळीत असा आवळला जातो की तो काढायला करवत घ्यावी लागते. त्यामुळे ॲल्युमिनियमचा कोणताही भाग कोरडा बसवू नये, भरपूर ग्रीस लावूनच आत सरकवावा.

रंग सर्वांत शेवटी. भट्टीत भाजलेले पावडर कोटिंग टिकाऊ असते आणि त्याच्या सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने पितळी सांध्याला काहीही होत नाही. मात्र त्याचा जाड थर लगची नक्षी बुजवतो, आणि दगड लागून तो एका जागी फुटला की त्याखाली गंज लांबवर पसरेपर्यंत वरून कळत नाही. मी हल्ली जस्ताचे प्रमाण जास्त असलेला प्रायमर आणि त्यावर साधा रंग देतो. त्यातले जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते, आणि कुठे टवका उडाला तर घरच्या घरी ब्रशने भरता येतो. रंगवायला देताना आटे आणि बी.बी. शेलची तोंडे कागदी टेपने झाकून द्यावीत.

आमच्याकडे मृग लागण्याआधी आगोटीची कामे निघतात. कौले चाळली जातात, लाकडे आत घेतली जातात, पापड-कुरडया डब्यात जातात. त्याच आठवड्यात मी सीटपाइप आणि हँडलचा दांडा बाहेर काढून पुसतो, नव्याने ग्रीस लावतो, सीटपाइपच्या तोंडाभोवती जुन्या ट्यूबचा एक तुकडा चढवतो आणि बी.बी. शेलच्या भोकात तार घालून ते मोकळे आहे ना ते पाहतो. गेल्या वर्षी त्या भोकात कुंभारमाशीने घर केले होते. माती काढल्यावर आतून अर्धी वाटी पाणी आले.